संगमरवर विशेष

संगमरवराला आंबट चालत नाही. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, सांडलेलं सरबतसुद्धा नाही. मला आयुष्यात अगदी खात्रीने ठाऊक असलेल्या ज्या दोन-चार गोष्टी आहेत, त्यांत ही पहिली. आणि तरीही त्या सोमवारी सकाळी मी स्वतःच्या हातांनी, नव्या कोऱ्या फडक्याने, बारा फूट लांब पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर व्हिनेगर चोळलं. एकदा नाही, दोनदा.

सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर दोष आमच्या ह्यांच्या गळ्यात पडेल. तो तिथेच पडावा असं मलाही फार वाटतं. पण पडत नाही.

आमचे हे रंगाच्या कारखान्यात मिश्रण खात्यात होते. सत्तावीस वर्षं. कुणी कापडाची चिंधी आणून दाखवावी आणि ह्यांनी नुसत्या नजरेने सांगावं, निळा इतका, पिवळा इतका आणि काळा नखाएवढा. मग कारखान्यात एक यंत्र आलं. ते यंत्रही हेच सांगायचं आणि वर पगार मागायचं नाही. हे घरी आले. पहिले आठ दिवस सुट्टीवर आल्यासारखे हिंडले-फिरले, नळाचे वायसर बदलले, दाराला तेल घातलं. मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले ते वर्षभर उठले नाहीत. म्हणजे जेवायला उठायचे, झोपायला उठायचे. पण मी संध्याकाळी कामावरून यायची तर सकाळी सोडून गेले होते तसेच असायचे. मांडीवर पेपर, तोही त्याच पानावर. मी बोलून दमले, रडून दमले, एकदा तर ताट आपटून पाहिलं. ‘ताटाला पोचा येईल,’ एवढंच म्हणाले.

आणि एके दिवशी लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. बापाची काळजी ती अशीच करते, व्हिडिओ पाठवून. त्यात एक बाई हसतहसत सांगत होती की घरात लागणारे साबण, पावडरी, फवारे सगळे घरीच करता येतात आणि केवढे तरी पैसे वाचतात. मी त्या संध्याकाळी दार उघडलं, तर खुर्ची रिकामी.  हे मोरीत होते. अंगावर कारखान्यातला जुना ॲप्रन, हातात व्हिनेगरची बाटली, आणि बेसिनच्या भोकातून पांढरा फेस वर येत होता.

‘बघ, बघ,’ मला म्हणाले, ‘सोडा आधी, व्हिनेगर मागून. तुंबलेलं मोकळं झालं!’

ते काही मोकळं झालं नव्हतं. पाणी तसंच तुंबलं होतं, वर फेस होता एवढंच. पण त्यांचे डोळे वर्षभरात पहिल्यांदा कशावर तरी लागले होते. मी म्हटलं, ‘वा! झालं की हो.’ आणि ते आंघोळीला गेल्यावर तार घालून बेसिन मोकळं केलं.

इथे चुकलं सगळं. पण तेव्हा मला ती चूक वाटली नाही. मला वाटलं, देव पावला.

त्यानंतर आमच्या घरात दुकानातली एक वस्तू आली तर शपथ. साबणाचे उरलेले तुकडे किसून, वितळवून, चौकोनी डब्यात ओतून नवे साबण व्हायला लागले; त्यांचा रंग मात्र बघावा असा, कारण रंगात हे हार जाणार नाहीत. दात घासायला मीठ आणि खाण्याचा सोडा. कपड्यांना साबणाचा कीस आणि धुण्याचा सोडा. काचेला व्हिनेगरचं पाणी आणि जुना पेपर. लिंबाच्या साली तर कचऱ्यात टाकायची सोयच नव्हती, शेजारच्या दोन घरांतूनही हे साली मागून आणायचे. डोक्याला सोडा आणि वरून व्हिनेगर. महिन्याभरात माझे केस काथ्यासारखे झाले. लेक आली तेव्हा मला मिठी मारून म्हणाली, ‘आई, तुला मिठी मारली की भूक लागते गं. सॅलडचा वास येतो.’ आम्ही दोघी पोट धरून हसलो. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून वास घालवायचे प्रयोग सुरू केले. पुदिना, संत्र्याची साल, कसलंसं गवती तेल.

सगळं वहीत लिहायचे. कारखान्यात लिहायचे तसं, प्रमाण, तारीख, परिणाम. परिणामाच्या रकान्यात माझे शब्द असायचे. ‘उत्तम.’ ‘आरशासारखं.’ ‘दुकानातल्यापेक्षा सरस.’ काचेवर ओघळ राहिले की मी ते गुपचूप पुसायची आणि मग शेरा द्यायची. काही गोष्टी खरोखरच चांगल्या व्हायच्या, नाही असं नाही. फरशीचं पाणी चांगलं व्हायचं. ओटा पुसायचं त्याहून चांगलं. पण मी चांगल्यालाही उत्तम म्हणायची आणि वाइटालाही उत्तम म्हणायची, त्यामुळे त्यांना फरक कळायचा मार्गच उरला नव्हता.

आता माझ्या कामाचं. मी एका मोठ्या विमा कंपनीच्या मुख्य कार्यालयात तळमजल्याची सफाई बघत होते. झाडूवाली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण दगड मी बघत होते. कंपनीच्या मालकाने म्हणे कुठल्याशा खाणीतून स्वतः निवडून आणलेला तो संगमरवर. आत आलं की समोर बारा फुटी काउंटर, एकाच अखंड फळीचा, आणि त्याच्या पुढे त्याच दगडाची फरशी. त्याची निगा मला पॉलिशवाल्या काकांनी शिकवली होती. वर्षातून दोनदा ते यंत्र घेऊन यायचे. ‘बाई, हा दगड म्हणजे आजारी माणूस समजा,’ म्हणायचे. ‘आंबट द्यायचं नाही, तिखट द्यायचं नाही. गोड बोलून पुसायचा.’ त्याच्यासाठी एक खास पाणी मिळायचं, हलकं हिरवट, पाच लिटरच्या कॅनमध्ये. महाग होतं. ते फवारायचं, पाच मिनिटं थांबायचं, ओल्या फडक्याने टिपायचं, कोरड्याने पुसायचं, आणि शेवटी तिरकं वाकून उजेडात बघायचं. मी पुसलेल्या काउंटरमध्ये माणसं भांग नीट करून घ्यायची. दारावरचा पहारेकरी मला चकाचक ताई म्हणायचा.

साहित्याचे पैसे ठेकेदार दर महिन्याला आमच्या हातात द्यायचा. त्यात भागवायचं आणि उरलं तर आपलं. कुणाचं कधी उरायचं नाही.

‘सगळंच उरेल,’ हे म्हणाले. ‘आपण घरी बनवू. तुझ्या त्या दगडाला काय लागतं ते सांग फक्त. अगं, रंगीत पाणी असतं ते. वासाचे पैसे घेतात.’

चार दिवसांनी संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे एक बाटली ठेवली. फवाऱ्याची, एक लिटरची. तिच्यावर कागदाची चिठ्ठी डकवलेली आणि चिठ्ठीवर कारखान्यातल्या डब्यांवर असतात तशा ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘संगमरवर विशेष’. खाली बारीक अक्षरांत, ‘वापरण्यापूर्वी हलवा.’

‘ह्यात काय काय आहे हो?’ मी विचारलं.

‘व्हिनेगर, लिंबूसत्त्व, किंचित भांड्यांचा साबण, आणि एक वस्तू सांगणार नाही,’ असं म्हणून हसले. हसले! दीड वर्षात मी त्यांचे दात बघितले नव्हते.

मी तोंड उघडलं. संगमरवराला आंबट चालत नाही. चार शब्द. जिभेवर आले होते. आणि ते म्हणाले, ‘बाजूला डबा ठेवलाय बघ. जे पैसे वाचतील ते ह्यात. तुझ्या गुडघ्यांसाठी.’ डब्यावरही चिठ्ठी होती, ‘गुडघे’. माझे दोन्ही गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. जिना उतरताना मी कठड्याला माकडासारखी लोंबकळायची.

मी म्हटलं, ‘छान आहे. उद्याच घेऊन जाते.’

मग दोन वर्षं असं चाललं. दर सोमवारी हे मला भरलेली बाटली द्यायचे. मी कामावर जायची, मागच्या मोरीत ती ओतून द्यायची, बाटली धुवायची आणि तिच्यात कपाटातल्या कॅनमधलं खरं पाणी भरायची. शनिवारी रिकामी बाटली घरी. ठेकेदाराने दिलेले पैसे ‘वाचले’ म्हणून डब्यात. मग खरं पाणी कशातून आणायचं? तर मी एका दाताच्या डॉक्टरकडे आठवड्यातून तीन सकाळी जादा काम धरलं. ह्यांना सांगितलं, ड्यूटी लवकर केलीय. ते तीन सकाळी माझ्या आधी उठून चहा ठेवायचे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. म्हणजे गुडघ्यांच्या डब्यात पैसे पडावेत म्हणून मी तेच गुडघे घेऊन जिने चढत होते. कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं, आणि बरोबरच काढलं असतं. कॅनची बिलं मी दुकानाबाहेर पडल्यापडल्या फाडून टाकायची. खिशात सापडली तर?

एवढ्यावरच थांबले असते तरी निभावलं असतं. पण एका शनिवारी बाटलीत थोडं उरलं आणि ह्यांनी ते बघितलं. ‘हे हिरवट कसं? माझं तर पिवळसर असतं.’ मी म्हटलं, ‘अहो, राहून राहून रंग बदलतो त्याचा. मला तर हिरवाच बरा वाटतो. पहिल्यापासूनच हिरवं केलंत तर?’ केवढी हुशार मी! त्यांनी ती बाटली खिडकीत उजेडाला धरली, एक डोळा मिटला, आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब तोच हिरवा तयार. सत्तावीस वर्षांचं कसब ते, नखभर इकडचं तिकडे नाही. पुदिन्याच्या अर्काने वासही मारला होता. तसाही आमच्या घरात राहून माझ्या नाकाला व्हिनेगर कळायचं बंदच झालं होतं.

आणि त्याच सुमाराला मॅडमनी मला बोलावलं. मॅडम म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापक. त्या म्हणाल्या, ठेका ह्या महिनाअखेरीला संपतोय, नवीन कंपनी येईल, तिची माणसं येतील. पण तळमजल्याच्या दगडासाठी कंपनी एक माणूस स्वतःच्या नोकरीत घेणार आहे. कायम. पगार, रजा, औषधपाण्याचा खर्च, म्हातारपणी पेन्शन. ‘मी तुमचं नाव दिलंय,’ म्हणाल्या. ‘पंचावन्नच्या आत घेता येतं. तुम्हाला चोपन्न चालू आहे ना? मग ह्याच खेपेला. सोमवारी मालक स्वतः येतील, दगड बघतील, आणि तिथेच सही करतील. पत्र टाइप करून ठेवलंय.’

मला त्यांनी ते पत्र दाखवलं. माझं नाव होतं त्यावर, नवऱ्याचं नाही, ठेकेदाराचं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी पुसल्या, आणि पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव कोऱ्या कागदावर सरळ रेषेत छापलं होतं. मी जिन्यात बसून रडले. मग उठून तोच जिना पुसला.

घरी सांगितलं तर हे उभेच राहिले. ‘दगडासाठी?’ म्हणाले. ‘म्हणजे आपल्या पाण्यासाठी!’ वही काढली, तारीख घातली, आणि परिणामाच्या रकान्यात लिहिलं, ‘कायम नोकरी.’  मी मनात म्हटलं, एकदा सही होऊ दे, पगार सुरू होऊ दे, मग दवाखाना सोडेन, आणि साहित्य काय ते कंपनीच देईल. म्हणजे ह्या खोट्यातून सुटका. चारच दिवस राहिले होते.

शनिवारी आमच्या कपाटांची खोली रंगवायला काढली. ज्याचं सामान त्याने घरी न्या. माझ्या कॅनमध्ये तळाशी लिटरभर खरं पाणी उरलं होतं. ते मी ‘संगमरवर विशेष’मध्ये काठोकाठ भरलं, कॅन टाकून दिला आणि बाटली पिशवीत घालून घरी आणली. ह्यांना म्हटलं, ‘ह्या सोमवारी नवीन बनवू नका हो. बाटली भरलेली आहे अजून. तेवढी पुरेल.’

हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले.

रविवारी दुपारी मी झोपले होते. सोमवारी सकाळी निघताना ह्यांनी पिशवी हातात दिली. ‘सगळं भरून ठेवलंय,’ म्हणाले. मला वाटलं, जेवणाच्या डब्याबद्दल बोलतायत.

आठ वाजता मी काउंटर धरला. मालक दहाला येणार होते. फवारलं, पाच मिनिटं थांबले, ओल्याने टिपलं, कोरड्याने पुसलं, आणि सवयीने तिरकी वाकून उजेडात बघितलं. मधोमध एक धुरकट पट्टा दिसला. आरशावर उच्छ्वास टाकावा तसा. मला वाटलं, फडक्याची खळ राहिली असेल. म्हणून मी काय केलं, तर पुन्हा फवारलं. ह्या खेपेला सढळ हाताने, खालच्या फरशीवरही. आजचा दिवस महत्त्वाचा ना.

दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा अख्खा काउंटर मेला होता. दुसरा शब्द नाही त्याला. चकाकी गेली म्हणजे नुसती गेली नाही, थेंब जिथे जिथे पडले होते तिथे तिथे गोल डाग, अंगावर देवी उठाव्यात तसे. हात फिरवला तर खरखरीत.  मी बाटलीचं झाकण उघडलं, नाक अगदी आत घातलं. पुदिना. आणि पुदिन्याच्या मागे आमचं घर.

पहारेकरी जवळ आला. ‘चकाचक ताई, काय झालं?’  मी नुसतीच पाणी ओतत होते, साधं पाणी, बादलीनं, आणि पुसत होते.

मालक दहाला आले. पॉलिशवाल्या काकांना मॅडमनी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, माझं कौतुक करायला. त्यांनी काउंटरवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. बाटली उचलली, तळहातावर थेंब घेतला, वास घेतला, जिभेला लावला.

‘आंबट आहे,’ एवढंच म्हणाले.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. ‘संगमरवर विशेष. वापरण्यापूर्वी हलवा.’ त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. ‘हे घरी बनवलेलं आहे?’

‘हो. पण मी हे वापरत नाही, मॅडम. मी दुकानातलं वापरते. दोन वर्षं दुकानातलंच आणलंय. हे चुकून—’

‘बाटलीवर तर दोन वर्षांपासून हीच चिठ्ठी बघतेय मी. मला वाटायचं, गंमत आहे काहीतरी. दुकानातलं आणलंत, तर बिलं असतील?’

बिलं. दोन वर्षांची बिलं मी दुकानाबाहेरच्या कचराकुंडीत बारीक तुकडे करून टाकली होती.

 मालकांनी त्या काउंटरवर कागद ठेवायला हात पुढे केला आणि ओला दिसला म्हणून मागे घेतला. ते पत्रच असावं. पॉलिशवाले काका जाताना म्हणाले, ‘घासून निघेल, आठ दिवस लागतील. पण बाई, तुम्हाला शिकवलं होतं मी.’ मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वरच्या मजल्यांवर काम करा, मग ठेक्याबरोबर तुमचंही संपेल. दुपारी मला जिन्यावर पाठवलं.

घरी हे दारातच उभे होते, ॲप्रन घालून. ‘झाली सही?’

‘दगड गेला,’ मी म्हटलं. ‘नोकरी गेली. बाटलीत काय केलंत तुम्ही?’

‘काय केलं म्हणजे? शिळं होतं ते ओतून दिलं. आठवड्याचं जुनं कशाला न्यायचं मोठ्या माणसांपुढे? ताजं भरलं.’ मग माझा चेहरा बघून म्हणाले, ‘अगं, तेच तर आहे. दोन वर्षं तेच पाणी, तोच दगड. आजच काय झालं? घाईत तूच काहीतरी केलं असशील. हलवलं होतंस का?’

माझ्या मस्तकात तिडीक गेली. हलवलं होतंस का! मी पिशवी तिथेच टाकली आणि सगळं सांगितलं. ओरडून नाही, पण एकही शब्द गाळला नाही. मोरी, कॅन, फाडलेली बिलं, दाताचा दवाखाना, दोन मजले. दर सोमवारी मी तुमचं पाणी ओतून देत होते, आणि काल तुम्ही माझं ओतून दिलंत. दोन वर्षांत तुमचा एक थेंब त्या दगडाला लागला नव्हता, आज पहिल्यांदा लागला.

ते ऐकत होते. मध्ये एकदा ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला, पण ती सुटेना.

‘पहिल्यापासून?’ त्यांनी विचारलं.

‘पहिल्या बाटलीपासून.’

‘आणि बेसिन?’

मी टाकलेली पिशवी उचलायला वाकले. ते त्यांना पुरलं. म्हणाले, ‘आंबट चालत नाही हे तुला तेव्हाच ठाऊक होतं.’

‘हो.’

‘मग सांगायचंस ना. व्हिनेगर काढून टाकायला काय लागत होतं? साधा साबण, पाणी, वर रंग. दहा मिनिटांचं काम होतं. तुझ्या त्या कॅनमध्ये तरी दुसरं काय होतं?’

मला ते कधी सुचलंच नव्हतं. खरं सांगते, दोन वर्षांत एकदाही नाही. ह्यांना काही कमी पडलंय असं सांगायचं नाही, एवढंच मी धरून बसले होते. आजाऱ्याला जपावं तशी मी त्यांना जपत होते, त्या दगडासारखं गोड बोलून पुसत होते. ह्यांना चूक दाखवली तर हे दुरुस्त करतील, सत्तावीस वर्षं दुसरं काय केलं त्यांनी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. राग त्यांचा येत होता तो कुठल्या कुठे गेला आणि माझाच यायला लागला. अजून येतो.

गाठ शेवटी त्यांनी कात्रीने कापली. ॲप्रन खुंटीला लावला. आणि जाऊन त्या वेताच्या खुर्चीत बसले.

त्याला आता तीन महिने झाले. नोकरी संपली. दवाखाना तेवढा आहे, पण त्यावर दोन माणसांचं भागत नाही; ‘गुडघे’ डब्यातले पैसे घरभाड्यात गेले. त्यामुळे आता खरोखरच काटकसर करायची वेळ आली आहे. विकतचं काही परवडत नाही. म्हणून साबणाचे तुकडे मी किसते, मी वितळवते. त्यांची वही उघडून ओट्यावर ठेवते आणि त्यातल्या प्रमाणाने पाणी बनवते. परिणामाच्या रकान्याकडे बघायचं टाळते. ह्यांना विचारलं, हे किती घालू, तर म्हणतात, ‘लिहिलंय.’

काल मी मुद्दाम चुकवलं. व्हिनेगरमध्ये सोड्याचा अख्खा डबा उपडा केला. फेस पातेल्यातून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर, पार खुर्चीच्या पायापर्यंत गेला. मला वाटलं, आता तरी ओरडतील. अगं बाई, प्रमाण काय, अक्कल काय. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी पाय वर घेतले.

मग मी गुडघे टेकून फरशी पुसली. त्यांचंच फरशीचं पाणी होतं, मागच्या वर्षी बनवलेलं, शेवटची बाटली. लख्ख निघाली फरशी. खरंच लख्ख, खिडकी दिसत होती तीत.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘फरशीला हे तुमचं पाणी फार चांगलं आहे. दुकानातल्यापेक्षा सरस.’

त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

‘हो,’ म्हणाले, ‘तू नेहमीच असं म्हणायचीस.’